रचनेवरून ऑप्टिकल रोटेशन काढताना: उणे १५, अधिक २२ आणि त्यांमधले अंतर

ऑप्टिकल रोटेशन किंवा वलन म्हणजे संयुगाच्या द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाशाचे प्रतल किती अंश वळते ते; उजवीकडे वळले तर अधिक, डावीकडे वळले तर उणे. प्रश्न थोडक्यात असा आहे. वनस्पतीतून वेगळ्या केलेल्या एका संयुगात दोन कायरल केंद्रे (चार वेगवेगळे गट जोडलेले कार्बन अणू) आहेत, एक हायड्रॉक्सिल गट, एक एस्टर आणि एक लवचिक साखळी आहे. १२.४ मिलिग्रॅम नमुना क्लोरोफॉर्मच्या १ मिलिलिटर द्रावणात घेऊन १ डेसिमीटरच्या नळीत सोडियमच्या डी-रेषेवर उणे ०.१८६ अंश वाचन मिळाले. सापेक्ष विन्यास, म्हणजे दोन केंद्रांची एकमेकांच्या तुलनेतली मांडणी, एनएमआरवरून ठरलेला आहे, म्हणून रेणू (आर,आर) किंवा त्याची आरशातली प्रतिमा (एस,एस) यांपैकी एक असणार; या दोघांची वलने सारख्याच आकाराची पण उलट चिन्हांची असतात, आणि यांतला नेमका कोणता ते म्हणजे निरपेक्ष विन्यास. (आर,आर) रचनेचा सर्वांत कमी ऊर्जेचा एक कन्फॉर्मर (बंध फिरून रेणू घेतो त्यांपैकी एक आकार) घेऊन बी३एलवायपी (डीएफटी या इलेक्ट्रॉनघनतेवर आधारित गणनपद्धतीतला एक प्रकार, म्हणजे फंक्शनल) आणि ६-३१जी* बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचे वर्णन करणारा फलनांचा संच) वापरून वलनाचे गणन केले, तेव्हा अधिक २२ आले. चिन्ह उलटे आले, म्हणून संयुग (एस,एस) आहे असे लिहावे का? आणि रचनेकडे पाहून हे मूल्य कागदावर काढण्याची एखादी रीत आहे का?

दोन्ही प्रश्नांचे माझे उत्तर सध्या तरी 'नाही' असे आहे. पण तुमचा निष्कर्ष चुकीचा असेलच असे मी म्हणत नाही. तो बरोबर असण्याची शक्यता चुकीचा असण्यापेक्षा थोडी जास्तच आहे. 'थोडी जास्त' म्हणजे नेमकी किती, हे काढता येते आणि पुढे मी ते काढून दाखवणार आहे. खरी अडचण अशी की मोजलेले मूल्य आणि गणनाने आलेले मूल्य या दोघांनाही तुम्ही एकेरी, ठाम संख्या मानले आहे आणि केवळ चिन्हांची तुलना केली आहे. त्या दोन्ही संख्यांना स्वतःची अनिश्चितता असते, आणि गणनाच्या बाबतीत ती बहुतेकांच्या अंदाजापेक्षा फार मोठी असते.

आधी मोजमापाचे पाहू, कारण तिथला हिशेब सोपा आहे. विशिष्ट वलन म्हणजे मोजलेला कोन भागिले नळीची लांबी आणि संहती यांचा गुणाकार. लांबी डेसिमीटरमध्ये, संहती ग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. जुन्या-नव्या बहुतेक शोधनिबंधांत कंसात दिलेली संहती मात्र ग्रॅम प्रति १०० मिलिलिटर अशी असते, आणि त्या वेळी वरच्या बाजूला १०० ने गुणावे लागते. तुमची संहती या पद्धतीने १.२४ होते, आणि उणे ०.१८६ गुणिले १०० भागिले १.२४ म्हणजे उणे १५.०. हिशेब बरोबर आहे. मात्र ०.०१२४ आणि १.२४ यांची गल्लत होऊन शंभरपट चुकलेली मूल्ये मी छापील निबंधांतही पाहिली आहेत, म्हणून हे इतके सविस्तर लिहिले.

आता त्या वाचनाच्या विश्वासार्हतेविषयी. चांगल्या पोलॅरिमीटरवरही पुनरावृत्तीत काही सहस्रांश अंशांचा फरक पडतो. तो ०.००५ धरला, तर तुमच्या विशिष्ट वलनात ०.४ चा फरक पडेल, आणि ते चालण्यासारखे आहे. हेच मोजमाप तुम्ही १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणावर केले असते, तर वाचन उणे ०.०१५ आले असते आणि तोच ०.००५ चा फरक मूल्याच्या एक तृतीयांश झाला असता. एका संयुगाबाबत मी स्वतः असा फसलो आहे. नमुना जेमतेम एक मिलिग्रॅम होता, वाचन अधिक ०.००९ आले आणि मी आनंदाने 'अधिक ९' असे वहीत लिहिले. आठवड्याने त्याच नळीत नुसता द्रावक भरून पाहिला, तर वाचन अधिक ०.०१२ होते. म्हणजे संयुगाचे वलन, असलेच तर, उणे होते. तेव्हापासून द्रावकाचे वाचन आधी, नमुन्याचे नंतर, आणि पुन्हा द्रावकाचे, अशा तीन नोंदी असल्याशिवाय मी कोणाचेही वलन मान्य करत नाही. तुमच्या प्रश्नात कोऱ्या द्रावकाच्या वाचनाचा उल्लेख नाही. ते घेतले नसेल तर आधी घ्यावे.

वजनातली चूक थेट मूल्यात उतरते. नमुन्यात अडकून राहिलेला द्रावक, ओलावा किंवा ग्रीस हे सर्व वजनात मोजले जाते पण प्रकाश वळवत नाही. याउलट एखादी अत्यल्प पण प्रचंड वलन असलेली अशुद्धी चिन्हही फिरवू शकते. हेक्साहेलिसीनचे विशिष्ट वलन सुमारे ३६४० आहे, आणि तशा एखाद्या घटकाचा अर्धा टक्का तुमच्या नमुन्यात असेल तर तो एकटा १८ अंशांचे योगदान देईल. असे क्वचितच घडते, परंतु वलन उणे १५ सारखे लहान असेल तेव्हा नमुन्याची शुद्धता वेगळ्या पद्धतीने तपासलेली असावी. फार मोठ्या कोनांच्या बाबतीत आणखी एक खोच असते: उपकरणाला अधिक १७० आणि उणे १० यांतला फरक कळत नाही. द्रावण निम्मे पातळ करून पाहिले की उलगडा होतो, कारण पहिल्या स्थितीत ८५ दिसेल आणि दुसऱ्या स्थितीत उणे ५. तुमच्या वाचनाला हा प्रश्न लागू नाही.

आता कागदावर काढण्याच्या रीतीकडे येतो. विद्यार्थ्यांच्या मनात एक समज घट्ट बसलेला असतो की आर म्हणजे उजवीकडे आणि एस म्हणजे डावीकडे. (एस)-लॅक्टिक आम्लाचे वलन पाण्यात अधिक आहे, आणि त्याच आम्लाचा मिथाइल एस्टर, ज्याच्या कायरल केंद्राला हातही लागलेला नाही, तो उणे आहे. आर आणि एस ही नावे अणुक्रमांकांच्या अग्रक्रमावरून पडतात. प्रकाशाला त्या अग्रक्रमाची काहीही माहिती नसते. बिओ यांनी १८१५ मध्ये टर्पेंटाइनसारख्या सेंद्रिय द्रवांत वलन पाहिले, आणि चिन्हावरून निरपेक्ष विन्यास ठरवण्याचा पाया मात्र बायफूट यांनी १९५१ मध्ये सोडियम रुबिडियम टार्टरेटच्या स्फटिकावर क्ष-किरणांनी काम केल्यावरच पक्का झाला. मधल्या काळात एमिल फिशर यांनी शर्करांसाठी दोन पर्यायांतला एक केवळ गृहीत धरला होता. तो पुढे बरोबर निघाला, हे रसायनशास्त्राचे भाग्य.

कागदी रीती मात्र खरोखरच होत्या. व्हान्ट हॉफ यांची कल्पना अशी की प्रत्येक कायरल केंद्र आपापले योगदान देते आणि त्यांची बेरीज म्हणजे रेणूचे वलन. ब्रूस्टर यांनी १९५९ मध्ये केंद्रावरील गटांची ध्रुवणीयता आणि साखळीतील वळणांची दिशा यांवरून चिन्ह सांगण्याचे नियम मांडले. साध्या, संपृक्त, ठरावीक संरूपणाच्या (म्हणजे आकार ठरलेल्या) रेणूंसाठी ते अजूनही उपयोगी पडतात, आणि गणनाचे उत्तर पटण्यासारखे आहे का हे पाहायला मी कधीकधी त्यांचा आधार घेतो. परंतु शेजारी-शेजारी असलेली केंद्रे एकमेकांच्या संरूपणावर परिणाम करतात, आणि तिथे साधी बेरीज कोलमडते. तुमच्या रेणूत हायड्रॉक्सिल आणि एस्टर यांच्यात अंतर्गत हायड्रोजन बंध होऊ शकत असेल, तर तो मार्ग मी सुचवणार नाही.

बेरजेचे तत्त्व जिथे नेमके लागू पडते ती जागा म्हणजे मिश्रण, आणि पुढच्या मुद्द्याची तीच गुरुकिल्ली असल्याने एक उदाहरण करून पाहू. अल्फा-डी-ग्लुकोजचे विशिष्ट वलन पाण्यात अधिक ११२.२ आहे, बीटाचे अधिक १८.७, आणि दोहोंपैकी कोणतेही विरघळवून ठेवले तरी कालांतराने वाचन ५२.७ वर स्थिरावते. अल्फाचा अंश 'क्ष' मानला तर ११२.२ क्ष अधिक १८.७ गुणिले (१ वजा क्ष) बरोबर ५२.७, म्हणजेच ९३.५ क्ष बरोबर ३४.०, आणि क्ष बरोबर ०.३६४. समतोलात अल्फा सुमारे ३६ टक्के आणि बीटा सुमारे ६४ टक्के असते. इथे आपण घटकांची मूल्ये आणि मिश्रणाचे मूल्य यांवरून प्रमाण काढले. लवचिक रेणूच्या बाबतीत याच्या उलट करायचे असते: प्रत्येक कन्फॉर्मरचे वलन आणि त्याचे प्रमाण माहीत करून मिश्रणाचे वलन काढायचे. तुमचा एकच संयुग असलेला शुद्ध नमुना प्रकाशाच्या दृष्टीने अनेक आकारांचे मिश्रणच असतो.

एकाच आकाराचे वलन कुठून येते? याचे सूत्र रोझेनफेल्ड यांनी १९२८ मध्ये दिले. रेणूच्या प्रत्येक उत्तेजित अवस्थेला एक वलनबल असते: त्या संक्रमणातील विद्युत द्विध्रुव आघूर्ण आणि चुंबकीय द्विध्रुव आघूर्ण यांच्या गुणाकारातून ते येते आणि ते अधिक किंवा उणे असू शकते. या प्रत्येक बलाला एका वजनाने गुणायचे: प्रकाशाच्या वारंवारतेचा वर्ग भागिले संक्रमणाच्या वारंवारतेचा वर्ग वजा प्रकाशाच्या वारंवारतेचा वर्ग. मग सर्व अवस्थांवर बेरीज करायची. आकडे घातल्यावर यातली गोम दिसते. डी-रेषा ५८९ नॅनोमीटरला, म्हणजे सुमारे १६,९७० प्रति सेंटिमीटरला आहे. २०० नॅनोमीटरला शोषण करणाऱ्या संक्रमणाचे वजन सुमारे ०.१३ येते आणि १५० नॅनोमीटरच्या संक्रमणाचे सुमारे ०.०७. म्हणजे दूरच्या अतिनील भागातील, वर्णपटात आपल्याला कधी न दिसणारी संक्रमणेही जवळच्या संक्रमणांच्या निम्म्याने बोलतात. त्यात भर म्हणजे सर्व वलनबलांची एकूण बेरीज शून्य असते, असा नियमच आहे; त्यामुळे अधिक आणि उणे योगदाने एकमेकांना खात जातात आणि जे उरते ते आपण पोलॅरिमीटरवर वाचतो. मोठ्या जमाखर्चातून उरलेल्या किरकोळ शिल्लकीचा अंदाज बांधण्यासारखे हे काम आहे. एका नोंदीत पाच टक्क्यांची चूक झाली तरी शिल्लक उलटी होऊ शकते.

प्रत्यक्ष गणनात ही बेरीज अवस्थागणिक केली जात नाही. ठरावीक वारंवारतेच्या क्षेत्राला रेणू कसा प्रतिसाद देतो हे थेट काढले जाते. मूलतत्त्वापासून असे पहिले गणन पोलवरपू यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि पुढच्या काही वर्षांत स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी डीएफटीची पद्धत रुळवली. गॉसियन, डाल्टन, टर्बोमोल, साय-फोर अशी अनेक सॉफ्टवेअर आज हे काम करतात. उत्तर रेणूच्या निर्देशांकांचा आरंभबिंदू कुठे धरला यावर अवलंबून राहू नये म्हणून लंडन ऑर्बिटल वापरले जात आहेत याची खात्री तेवढी करून घ्यावी.

तुमच्या गणनात मला दोन ठळक त्रुटी दिसतात. पहिली बेसिस सेटची. ६-३१जी* मध्ये विसरित फलने नाहीत, म्हणजे इलेक्ट्रॉनमेघाच्या लांबवर पसरलेल्या कडेचे वर्णन करायला तिथे साधनच नाही, आणि वलन नेमके त्या कडेवर अवलंबून असते. रेणूचा आकार काढायला तो सेट पुरेसा आहे, त्याविषयी तक्रार नाही. पण त्या आकारावर वलनाचे गणन करताना ऑग-सीसी-पीव्हीडीझेड किंवा ६-३११++जी(२डी,२पी) यांच्या तोडीचा सेट हवा. लहान वलनाच्या रेणूंत केवळ हा बदल केल्याने चिन्ह फिरलेले मी पाहिले आहे. गणनाचा वेळ वाढेल, पण इथे वेळ वाचवण्यात अर्थ नाही.

दुसरी त्रुटी अधिक गंभीर आहे: एकच कन्फॉर्मर. समजा तुमच्या साखळीत मोकळेपणाने फिरणारे चार बंध आहेत. प्रत्येकाच्या तीन स्थिती धरल्या तरी ८१ आकार होतात. त्यांतले बरेच ऊर्जेमुळे बाद होतील, पण सात-आठ तरी उरतात, आणि त्यांची वलने अनेकदा परस्परविरुद्ध चिन्हांची असतात. ३-क्लोरो-१-ब्युटीनसारख्या चार कार्बनांच्या रेणूतही द्विबंधाशेजारच्या एकेरी बंधाभोवतीचा कोन बदलताच कन्फॉर्मरचे वलन मोठ्या अधिकावरून मोठ्या उण्यावर जाते.

याचा परिणाम आकड्यांत दाखवतो. समजा एका रेणूचे तीनच महत्त्वाचे कन्फॉर्मर आहेत आणि त्यांची गणनाने आलेली वलने अधिक १८०, उणे ९५ आणि उणे ४० अशी आहेत. त्यांच्या सापेक्ष मुक्त ऊर्जा अनुक्रमे ०, ०.५ आणि १.० किलोकॅलरी प्रति मोल आहेत. २५ अंश सेल्सिअसला आरटीचे (वायुस्थिरांक गुणिले तापमान) मूल्य ०.५९३ किलोकॅलरी असते, म्हणून बोल्ट्झमन वजने १, ०.४३० आणि ०.१८५, बेरीज १.६१५, प्रमाणे ६२, २७ आणि ११ टक्के. भारित सरासरी सुमारे अधिक ८२ येते. हे पाहून कोणीही विश्वासाने चिन्ह लिहील. आता असे समजा की पहिल्या दोघांचा क्रम प्रत्यक्षात उलटा आहे, म्हणजे दुसरा ० वर आणि पहिला ०.५ वर. पहिल्याचे प्रमाण २७ टक्के, दुसऱ्याचे ६२ टक्के होते आणि सरासरी येते सुमारे उणे १५. वलनाचे एकही मूल्य आपण बदललेले नाही. नेहमीच्या डीएफटी पद्धतींची सापेक्ष ऊर्जांमधली चूक अर्ध्या-एका किलोकॅलरीची सहज असते, आणि वायुरूपातून द्रावकात जाताना क्रम असा उलटणे हे हायड्रोजन बंध असलेल्या रेणूंत नित्याचे आहे. म्हणून माझी रीत अशी: कन्फॉर्मरांचा शोध आण्विक यांत्रिकीने मोकळ्या हाताने घ्यायचा, पहिल्या पाच किलोकॅलरींतील सर्व आकार डीएफटीने पुन्हा अनुकूलित करायचे, ऊर्जा निदान दोन वेगळ्या फंक्शनलांनी आणि द्रावकाचे प्रतिमान घालून काढायच्या, आणि मग सरासरी किती हलते ते पाहायचे. फंक्शनल बदलताच सरासरीचे चिन्ह बदलत असेल, तर त्या रेणूविषयी मी वलनावरून काहीही लिहीत नाही.

द्रावकाविषयी एवढेच की द्रावकाला अखंड माध्यम मानणारी प्रतिमाने सरासरी विद्युत परिणाम धरतात, पण द्रावकाचा एखादा रेणू तुमच्या हायड्रॉक्सिलला येऊन चिकटला तर ते त्यांना दिसत नाही. मिथिलऑक्सिरेन हे तीन कार्बनांचे, ताठर, निरुपद्रवी दिसणारे संयुग. त्याच्या वलनाचे चिन्ह बेन्झीनमध्ये एक आणि पाण्यात दुसरे असते. वायुरूपात तर तरंगलांबी ६३३ वरून ३५५ नॅनोमीटरवर नेली की चिन्ह बदलते. मॅलिक आम्लाचे जलीय द्रावण पातळ असताना एका दिशेने आणि संहत असताना दुसऱ्या दिशेने वळवते. म्हणून द्रावक, संहती, तापमान आणि तरंगलांबी लिहिल्याशिवाय 'या संयुगाचे वलन उणे १५' या वाक्याला अर्थ उरत नाही. तुम्ही वापरलेल्या क्लोरोफॉर्ममध्ये स्थिरीकारक म्हणून थोडे इथेनॉल घातलेले असण्याची शक्यता आहे, तेही बाटलीवर पाहून नोंदवावे.

पद्धत जितकी महाग तितके उत्तर बरोबर, असाही समज नको. नॉर्बोर्नेनोनचे विशिष्ट वलन ११०० पेक्षा जास्त आहे, आणि त्याच सांगाड्यातला द्विबंध काढला तर उरणाऱ्या नॉर्बोर्नॅनोनचे सुमारे ३०. बी३एलवायपी हे प्रचंड मूल्य बऱ्यापैकी पकडते, तर सैद्धांतिकदृष्ट्या वरचढ मानली जाणारी कपल्ड क्लस्टर पद्धत बरेच कमी मूल्य देते. जुळणारे उत्तर योग्य कारणांनीच जुळले असेल, असे गृहीत धरू नये.

आता तुमच्या २२ आणि १५ कडे परत येऊ. स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लहान वलनाच्या, संरूपणाच्या दृष्टीने ताठर अशा ६५ रेणूंची बी३एलवायपी आणि ऑग-सीसी-पीव्हीडीझेड या जोडीने काढलेली मूल्ये प्रयोगाशी ताडून पाहिली. फरकाचे वर्गमाध्य मूळ, म्हणजे चुकांचे सर्वसाधारण माप, सुमारे २९ अंश निघाले. रेणू ताठर होते, म्हणजे कन्फॉर्मरांच्या प्रमाणातली चूक यात धरलेलीच नाही, हे लक्षात ठेवावे. तरी तुमच्याशी उदार होऊन हाच आकडा वापरू आणि चुका प्रसामान्य वितरणाने पसरतात असे मानू. रेणू (एस,एस) असेल तर गणन उणे २२ आणि प्रयोग उणे १५, फरक ७. रेणू (आर,आर) असेल तर गणन अधिक २२ आणि प्रयोग उणे १५, फरक ३७. दोन्ही पर्यायांच्या संभाव्यतेचे गुणोत्तर काढताना सर्व काही आटोपशीर होऊन घातांकात एवढेच उरते: २ गुणिले गणनाचे मूल्य गुणिले मोजलेले मूल्य भागिले २९ चा वर्ग. म्हणजे ६६० भागिले ८४१, सुमारे ०.७८. ई (२.७१८) या संख्येचा तेवढा घात घेतला की गुणोत्तर २.२ येते. याचा अर्थ (एस,एस) असण्याची शक्यता ६९ टक्के, (आर,आर) असण्याची ३१ टक्के. नाणे उडवण्यापेक्षा बरे, पण निरपेक्ष विन्यास यावर छापण्यासारखे नाही.

हेच दोन आकडे ८० आणि ८० असते, तर घातांकात १५ च्या आसपास आले असते आणि शंकेला जागा उरली नसती. मला वाटते की वलनाच्या गणनावर सरसकट विश्वास ठेवणारे आणि त्याला सरसकट निरुपयोगी म्हणणारे, दोघेही हा साधा गुणाकार करून पाहत नाहीत. दोन्ही संख्या मोठ्या आणि रेणू ताठर असेल तेव्हा पद्धत उत्तम चालते. दोन्ही लहान आणि रेणू लवचिक असेल तेव्हा तिच्याकडून अपेक्षाच करू नये.

मग करावे काय? सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे तरंगलांबी बदलणे. अनेक पोलॅरिमीटरांवर पाऱ्याच्या दिव्याच्या ५७८, ५४६, ४३६ आणि ३६५ नॅनोमीटर या रेषा उपलब्ध असतात. वर दिलेल्या वजनाच्या सूत्रात ३६५ घालून पाहा: २०० नॅनोमीटरच्या संक्रमणाचे वजन ०.१३ वरून ०.४३ वर जाते, म्हणजे तिपटीहून थोडे अधिक, आणि जवळच्या संक्रमणांचा वरचष्मा वाढतो. मोजलेले मूल्य त्यामुळे मोठे होते आणि वाचनातल्या चुकीचा वाटा घटतो. पाचही तरंगलांबींवर मोजलेली आणि गणनाने काढलेली मूल्ये एकाच आलेखावर काढली की दोन वक्र एकाच वळणाचे आहेत की नाहीत हे डोळ्यांना दिसते. एका बिंदूवरच्या योगायोगापेक्षा वक्राची साक्ष बरीच भारी असते, मात्र अतिनील शोषणाच्या जवळ गेल्यावर गणनाच्या चुकाही वाढतात, हे विसरू नये.

त्याहून अधिक भरवसा मी वर्तुळाकार द्विवर्णतेवर, म्हणजे डाव्या आणि उजव्या वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातल्या फरकावर, ठेवतो. तिथे सर्व संक्रमणांची शिल्लक नसते; एकेक पट्टा स्वतंत्र दिसतो आणि त्याचे चिन्ह स्वतंत्रपणे ताडता येते. तुमच्या रेणूत एस्टरव्यतिरिक्त रंगक (प्रकाश शोषणारा) गट नसेल तर हायड्रॉक्सिलवर पॅरा-ब्रोमोबेन्झोएट चढवून पाहावे. दोन रंगक योग्य अंतरावर आले तर त्यांच्या परस्परक्रियेतून ठळक जोडपट्टा मिळू शकतो, आणि नशिबाने स्फटिक पडले तर ब्रोमीनसारख्या जड अणूमुळे क्ष-किरणांनी प्रश्न कायमचाच मिटतो. हायड्रॉक्सिल दुय्यम असेल तर मोशर एस्टरांची (मोशर आम्लाच्या दोन्ही आरसा-प्रतिमांपासून केलेल्या एस्टरांची) जोडी करून एनएमआरने त्या केंद्राचा विन्यास ठरवता येतो, आणि सापेक्ष विन्यास तुमच्या हाती असल्याने दुसरे केंद्र आपोआप ठरते. कंपनजन्य वर्तुळाकार द्विवर्णतेचे उपकरण उपलब्ध असल्यास रंगक नसतानाही काम भागते, पण कन्फॉर्मरांचा शोध तिथेही टळत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर या क्रमाने गेलो असतो: कोऱ्या द्रावकासह वाचन पुन्हा, पाचही रेषांवर, मग पूर्ण कन्फॉर्मर शोध आणि मोठ्या बेसिस सेटवर गणन, आणि नमुना पुरेसा उरला तर मोशर एस्टर. १२ मिलिग्रॅममधले ३-४ मिलिग्रॅम त्यासाठी पुरतात, आणि वलन मोजून झालेला नमुना द्रावक उडवून परत मिळतोच, म्हणून मोजमाप आधी आणि रासायनिक प्रक्रिया नंतर. हे सर्व होईपर्यंत निबंधाच्या मसुद्यात सापेक्ष विन्यास लिहावा, रचनेच्या चित्राखाली निरपेक्ष विन्यास निश्चित केलेला नाही अशी ओळ ठेवावी, आणि वलनाच्या नोंदीत २५ अंश सेल्सिअस, डी-रेषा, संहती १.२४, क्लोरोफॉर्म हे तपशील तसेच राहू द्यावेत. तापमान २५ नसेल तर जे होते ते.